तुळशीला पानं किती?

जपानमध्ये दुभाष्याचं काम करताना माणूस कुठे कुठे जाऊन पोचतो याची यादी केली, तर माझ्या यादीत पंप बनवणारे तीन कारखाने, दोन प्रसूतिगृहं, एक घटस्फोट आणि योकोहामामधल्या एका होरिशीची खोली एवढं नक्की येईल. होरिशी म्हणजे गोंदणारा. शब्दशः अर्थ घ्यायचा तर 'कोरणारा'. २०२२च्या शरदात मी तिथे पहिल्यांदा गेले, ते पुण्याच्या एका मुलासाठी. तो तोक्योत आयटीत होता, एकोणतीस वर्षांचा. जपानी जेमतेम जेवण मागवण्यापुरतं. त्याला दंडावर जपानी पद्धतीचं टॅटू करून घ्यायचं होतं आणि होरिशीला इंग्रजी येत नव्हतं.

"ताई, तुम्ही फक्त माझा कॉन्सेप्ट त्यांना नीट समजावून सांगा," तो ट्रेनमध्ये मला म्हणाला. कॉन्सेप्ट त्याने फोनमध्ये लिहून आणला होता. कोई मासा, कारण त्याने खूप स्ट्रगल केला. साकुराची फुलं, कारण आयुष्य क्षणभंगुर आहे. मधोमध आईचं नाव देवनागरीत, आणि खाली वडील गेले ती तारीख. प्रत्येक गोष्टीला अर्थ होता. त्यावर त्याने सहा महिने विचार केला होता, हे त्याने मला दोनदा सांगितलं.

खोली दुसऱ्या मजल्यावर. बूट बाहेर काढायचे. आत एक गादी, उशा, भिंतीवर चित्रांचे कागद, कोपऱ्यात छोटं देवघर. होरिशी साठीच्या आसपासचे, चष्मा लावलेले, हायस्कूलमध्ये गणित शिकवत असतील असे दिसणारे. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. सगळे त्यांना सेन्सेई म्हणत, म्हणून मीही म्हटलं. त्यांनी आधी चहा दिला आणि मग प्रश्न विचारायला सुरुवात केली. लग्न झालंय का? ऑफिसात कळलं तर चालेल का? ओन्सेनला जायला आवडतं का? आवडत असेल तर आताच विचार कर, कारण पुष्कळ ठिकाणी आत घेणार नाहीत. मूल झाल्यावर त्याला पोहायला कोण नेणार? माझ्या शेजारचा मुलगा चकित झाला. टॅटूवाला आपल्याला टॅटूपासून परावृत्त का करतोय, हे त्याला कळेना.

मग मी त्याचा कॉन्सेप्ट सांगितला. 'मीनिंग'साठी मी 'इमि' हा शब्द वापरला. सेन्सेईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कोईला इमि आधीपासून आहे. तो धबधबा चढून जातो आणि वर पोचला की ड्रॅगन होतो. ह्यांनी तो वेगळा द्यायची गरज नाही."

पुढे म्हणाले, त्यांच्या हातून कोईबरोबर मेपलची पानं होतात. शरदातला मासा आणि वसंतातली फुलं एका पाण्यात ते घालत नाहीत. घालणारे आहेत, त्यांच्याकडे जाऊ शकता. आणि नाव आणि तारीख? ती तर कागदावर लिहिलेली असतेच.

हे भाषांतरित करताना मला जरा अवघड गेलं. मुलाचा चेहरा पडला होता.

*

त्या दिवशी आम्ही नुसतंच ठरवायला गेलो होतो. पण शेजारच्या गादीवर एका माणसाच्या पाठीचं काम अर्धवट होतं आणि त्याची वेळ झाली होती. त्याची हरकत नसल्याने सेन्सेईंनी आम्हांला बसू दिलं. बाह्यरेषा यंत्राने आधीच झाल्या होत्या. छटा भरायचं काम हाताने, म्हणजे तेबोरी. एक लांब दांडी, तिच्या टोकाला ओळीने बांधलेल्या सुया. डाव्या हाताने कातडी ताणायची, त्याच अंगठ्यावर दांडी टेकवायची आणि उजव्या हाताने ढकलत राहायचं. सुई आत जाऊन बाहेर येताना बारीक आवाज होतो. शक्, शक्, शक्. कोणीतरी लांब बसून कोबी चिरत असल्यासारखा.

त्या पाठीवर फुदो म्योओ होता. हातात तलवार आणि दोर, मागे ज्वाळा, चेहरा रागावलेला. पाठीवरून तो खांद्यावर, छातीकडे आणि खाली मांड्यांपर्यंत गेला होता. मधल्या सगळ्या जागेत ढग आणि वारा. जपानी पद्धतीत हे महत्त्वाचं. आपल्याकडच्या मॉलमधल्या टॅटूसारखं इथे एक चित्र, तिथे एक अक्षर असं नसतं. अख्खं अंग हा एकच कागद, त्यामुळे मुख्य चित्राला पार्श्वभूमी लागते, आणि ती कुठे संपते त्या कडेलाही नाव आहे : मिकिरी. छातीवर मधोमध एक पट्टी पुष्कळदा कोरी सोडतात. अंगरखा पुढून उघडा राहिला तरी आतलं काही दिसू नये म्हणून. एवढी मेहनत, पूर्ण पाठीला वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून अधिक, आणि हे सगळं लपवण्यासाठी!

फुदो म्योओ म्हणजे आपला अचल. संस्कृतातला अचलनाथ बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथे आला आणि जपानी झाला. सेन्सेईंनी मुलाला जन्मसाल विचारलं. १९९३. "म्हणजे कोंबड्याचं वर्ष. तुमचा राखणदारही फुदोच," असं म्हणून त्यांनी एका कागदावर ब्रशने एक अक्षर काढलं. बोंजी. हे अक्षर अनेक जण कोरून घेतात, म्हणाले. उच्चार 'कान'.

"कान?" मुलगा हसला. "ताई, हे तर आपलंच काहीतरी दिसतंय."

आपलंच होतं. ती सिद्धम् लिपी. ब्राह्मीच्याच कुळातली, देवनागरीची चुलत बहीण. भारतात ती कधीच मागे पडली, जपानच्या देवळांत आणि थडग्यांवर अजून लिहितात. ते अक्षर अचलाचं बीजाक्षर, 'हां'. जुन्या काळी संस्कृतातला 'ह' जपानी तोंडात 'क' होत असे. 'महा'चं 'माका' झालं, 'हां'चं 'कान' झालं. मी हे सांगितल्यावर सेन्सेई पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "म्हणजे तुम्हांला हे वाचता येतं?"

"थोडंसं," मी म्हटलं.

"मला येत नाही. माझ्या गुरूंनी शिकवलं तसं काढतो. एकही फाटा इकडचा तिकडे करायचा नाही, एवढंच शिकवलं."

*

घरी आल्यावर मी वाचत बसले. जपानी टॅटूला आपण सरसकट इरेझुमी म्हणतो. त्याचा अर्थ 'शाई आत घालणं', आणि हा शब्द शिक्षेला चिकटलेला होता. १७२०मध्ये शोगुन योशिमुनेच्या राजवटीत काही गुन्ह्यांसाठी नाक-कान कापायची शिक्षा जाऊन त्या जागी गोंदायची शिक्षा आली. दंडावर पट्टे, काही प्रांतांत कपाळावर खूण. म्हणून कारागीर आपल्या कामाला होरिमोनो म्हणणं पसंत करतात, कोरलेली वस्तू. १८२७च्या सुमारास उतागावा कुनियोशी नावाच्या चित्रकाराने एका चिनी कादंबरीतल्या एकशे आठ बंडखोरांची चित्रमालिका छापायला घेतली. मूळ कादंबरीत मोजक्याच वीरांच्या अंगावर गोंदण आहे. कुनियोशीने अनेकांची अंगं ड्रॅगन, सिंह आणि फुलांनी भरून टाकली. ती चित्रं एदो शहरातल्या कष्टकऱ्यांनी उचलली. डोलीवाले, निरोपे, बांधकामावरचे मजूर, आग विझवणारे. आगीशी ज्याची गाठ पडायची तो पाठीवर पाण्यातला ड्रॅगन घेऊन जायचा. 'कॉन्सेप्ट' म्हटला तर हा. फक्त तो एकट्याचा नव्हता, सगळ्या तुकडीचा होता.

मग मेजी सरकार आलं. परदेशी लोक आपल्याला रानटी म्हणतील या भीतीने १८७२मध्ये गोंदण्यावर बंदी आली. गंमत अशी, की पुढे इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज झाला तो तरुण राजपुत्र १८८१मध्ये जपानला आला आणि दंडावर ड्रॅगन गोंदवून घेऊन गेला. पाहुण्यांना लाज वाटेल म्हणून बंद केलेली वस्तू पाहुणे हौसेने नेत होते. बंदी उठली १९४८ला. तोवर हे सगळं अंधारात गेलं होतं, आणि पुढच्या याकुझा सिनेमांनी त्यावर शिक्का मारला. त्याचा हिशेब अजून चालू आहे. २०१५मध्ये पर्यटन खात्याने हॉटेलं आणि स्नानगृहांना विचारलं, तेव्हा उत्तर देणाऱ्या सुमारे सहाशेंपैकी ५६ टक्के म्हणाले, आम्ही टॅटूवाल्यांना आत घेत नाही. गोंदणं हे डॉक्टरचं काम आहे की कारागिराचं, हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२०मध्ये कारागिराच्या बाजूने लागला. तोपर्यंत सेन्सेईंसारखा माणूस रोज सकाळी कायद्याच्या कुठल्या बाजूला उठत होता हे त्यालाही नक्की सांगता आलं नसतं.

हे वाचता वाचता मी ओकिनावाच्या एका फोटोवर थांबले. एक म्हातारी बसली आहे आणि तिने दोन्ही हात पालथे मांडीवर ठेवले आहेत. बोटांवर बाणासारख्या रेघा, मनगटाजवळ गोल आणि चौकोन. ह्याला तिकडे हाजिची म्हणत. मुलीची बाई झाल्याची खूण. हाजिची नसेल तर मेल्यावर पलीकडे नीट पोचता येत नाही, अशी समजूत होती. १८९९मध्ये तिच्यावरही बंदी आली. ज्या हातांचा आयांना अभिमान होता, ते पुढे लेकींना लपवावेसे वाटू लागले.

मी लॅपटॉप बंद केला. ते हात मला ओळखीचे होते.

*

माझी आजी कराडजवळच्या गावची. तिच्या हनुवटीवर तीन ठिपके होते, भुवयांच्या मध्ये एक, आणि उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर, तुळस. लग्नाआधी, नऊ-दहा वर्षांची असताना, गावात गोंदणारीण आली होती. दोघींनी धरून ठेवलं, गोंदणारीण गाणं म्हणत होती आणि आजी बोंबलत होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. कॉन्सेप्ट वगैरे दूरच. काजळी आणि कसल्याशा पाल्याचा रस, असं आजी सांगायची. इकडची सुमि शाईसुद्धा काजळीचीच असते. काळी शाई कातडीखाली गेली की वर हिरवी-निळी दिसते, इथेही आणि तिथेही.

"मेल्यावर अंगावरचं सोनं काडून घेत्यात," ती म्हणायची. "गोंदाण तेवडं संगं येतं. त्ये कोन काडनार?"

मी काढलं.

२००५ साली माझ्या बहिणीचं लग्न झालं. मी तेव्हा पुण्यात जपानी शिकत होते, हॉस्टेलवर राहत होते आणि नवीनच फोटोशॉप शिकले होते. अल्बमसाठी फोटो निवडायचं आणि सुधारायचं काम माझ्याकडे होतं. आजीचा एक फार सुंदर फोटो आला होता. हिरव्या काठाचं लुगडं, हात मांडीवर, थोडीशी हसणारी. हॉस्टेलमधल्या मैत्रिणींना मी तो दाखवणार होते. कोणीतरी आधी एकदा आजीला बघून विचारलं होतं, "तुम्ही लोक नक्की कुठले?" प्रश्न साधा होता, पण 'तुम्ही लोक' माझ्या डोक्यात राहिलं होतं. मी हनुवटी मोठी केली, शेजारची कातडी उचलली आणि ठिपक्यांवर ठेवली. मग कपाळ. मग हात. तुळशीला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण तिथे शिरा होत्या आणि त्या खऱ्या दिसायला हव्या होत्या. दीडेक तासाचं काम होतं. बरं जमलं म्हणून मी तीच फाइल तिच्याच नावाने सेव्ह केली.

अल्बम घरी आला तेव्हा आजीने चष्मा लावून एकेक पान पाहिलं. स्वतःच्या फोटोशी थांबली. बोटाने फोटोतला हात चाचपला.

"माजी तुळस कुटं गेली गं?"

"फोटोत नीट आलं नाही, आजी. उजेड जास्त पडला."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे. "आसंल," म्हणाली आणि पान उलटलं.

ती २०११मध्ये गेली. मी तेव्हा कावासाकीत होते, पोचले नाही. तेराव्याला फोटो हवा होता. घरातल्या सगळ्यांना आजीचा चांगला फोटो म्हणजे तोच आठवला. तो मोठा करून, फ्रेम करून, हार घालून भिंतीवर लावला. आजही तिथेच आहे. जे संगं येतं असं ती आयुष्यभर सांगत होती, नेमकं तेच त्या फोटोत नाही. वर्षातून एकदा मी घरी जाते, फोटोच्या पाया पडते. ह्या गोष्टीबद्दल मी कोणाशी कधी बोलले नव्हते.

*

पुण्याच्या मुलाने शेवटी कोई घेतला. मेपलच्या पानांसह, खांद्यापासून कोपराच्या वरपर्यंत, अर्ध्या बाहीच्या शर्टाखाली झाकेल एवढा. साकुरा गेला, तारीख गेली. आईचं नाव मात्र त्याने सोडायला फार वेळ घेतला. चार-पाच बैठकींना मी दुभाषी म्हणून गेले, मग त्याला माझी गरज उरली नाही. वेदना होत असताना भाषांतर फार लागतही नाही. गोंदवून घेण्याला पूर्वी कामीगाता भागात 'गामान' म्हणत, म्हणजे सोसणं. तो शब्द त्याला आधीच येत होता. त्याच्या आईने फोटो पाहून आठवडाभर फोन घेतला नाही, आणि मग एक दिवस फोन करून एवढंच विचारलं, "फार दुखलं का रे?"

शेवटच्या बैठकीला, तो कपडे करत असताना, मी सेन्सेईंना विचारलं. म्हटलं, मला मनगटाच्या वर एक लहान चित्र हवंय. माझ्या आजीच्या हातावर होतं. एक झाड. आमच्याकडे दारात लावतात, पूजा करतात.

मला वाटलं होतं ते लग्न, ऑफिस, ओन्सेन असे प्रश्न विचारतील. त्यांनी एक कागद आणि पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. "काढा."

मी खोड काढलं. खाली वृंदावन, चौकोनी. मग फांद्या. दोन्हीकडे पानं काढायला लागले आणि थांबले.

"पानं किती?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. पानं होती की नुसते ठिपके, तेही माहीत नव्हतं. शेंडा आजीच्या बोटांकडे होता की कोपराकडे? वृंदावनाला पायऱ्या होत्या? ज्या हाताने मला पंधरा-सोळा वर्षं जेवायला वाढलं, त्यावरचं चित्र मला काढता येईना. आणि मी ते एकदा अतिशय बारकाईने पाहिलं होतं. चारशे टक्के मोठं करून. पुसण्यासाठी.

"मी काहीतरी सुंदर झाड काढून देऊ शकतो," सेन्सेई म्हणाले. "पण ते माझं झाड होईल. आणि हे चित्र माझ्याकडचं नाही. त्याचे नियम मला माहीत नाहीत. ज्यांना माहीत आहेत त्यांना विचारा."

हा नकार होता की नव्हता, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. जपानीत ते मुद्दाम तसं बोलता येतं.

*

आईला फोन केला. ती सून, तेवीस वर्षं सासूच्या हाताखाली स्वयंपाक केलेली. म्हणाली, "तीन पानं. मधे एक आणि बाजूला दोन. पक्कं आठवतंय." आत्याला विचारलं. ती लेक. म्हणाली, "तुजी आई काय सांगती? पाच. आन् पानं नव्हंत, टिपकं. खाली दोन बारकी पावलं." पावलांचं आईला काहीच आठवेना. मग दोघींचं फोनवर वाजलं, आणि त्यातून आणखी काही निघालं : गोंदणारीण कुठून यायची, पैशांऐवजी तिला काय द्यायचे, आत्याच्या वेळेला आजीने तिला मुद्दाम घरात लपवून ठेवलं होतं. म्हणजे आत्याच्या हातावर गोंदण नाही ते आजीमुळेच. "मला लई दुकलं हुतं, म्हनाली. पोरीला नगं." हे मला चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

मी आजवर असं समजत होते, की आजी परंपरा म्हणजे फक्त सोसणारी आणि मी, निवड करणारी. तिने नऊ वर्षांची असताना निवडलं नव्हतं हे खरं. पण पुढे पन्नास-साठ वर्षं तिने ती तुळस रोज पाहिली, मग संगं येणारं काय ते ठरवलं, आणि लेकीच्या वेळी नको काय तेही ठरवलं. पुण्याच्या मुलाने अर्थ आधी लिहून आणला होता, आणि सेन्सेई त्याला सांगत होते की चित्र आधी घे, अर्थ पुढे वागवून वागवून येईल. तेव्हा भाषांतर करताना मला ते शब्द कोरडे वाटले होते.

मूळ फाइल मिळत नाही. बहिणीच्या लग्नाच्या फोटोग्राफरचं दुकान बंद झालं. आजीचा दुसरा एकच फोटो आहे, रेशनकार्डाच्या वेळचा, नुसता चेहऱ्याचा. हनुवटीवरचे तीन ठिपके त्यात दिसतात, धुरकट. हात नाही.

गेल्या मे महिन्यात मी गावी गेले तेव्हा आईला आणि आत्याला समोरासमोर बसवून फोटोचं खरं काय ते सांगितलं. आई म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि उठून चहा टाकायला गेली. आत्या काही वेळ बोलली नाही. मग माझी वही ओढून घेतली, पेनाने झाड काढलं. पाच ठिपके, वृंदावन, दोन पावलं. आई चहा घेऊन आली, तिने ते पाहिलं, पेन घेतलं आणि शेजारी आपलं काढलं. तीन पानांचं.

ते पान मी फाडून आणलं आहे. माझ्या पाकिटात असतं, दोन्ही तुळशी शेजारी शेजारी. मनगट अजून कोरं आहे. शनिवारी मी लेकीला महापालिकेच्या तलावावर पोहायला नेते, तिथे टॅटू झाकून यावं अशी पाटी आहे. ती पाटी वाचताना दर वेळी मला वाटतं की आता विचार करायला हवा, आणि मग ती पाण्यात उडी मारते.

लेकीने एकदा पाकिटातलं ते पान पाहिलं. विचारलं, "ह्यातलं खरं कुठलं?"

म्हटलं, तुला आत्याआजीला विचारावं लागेल. तिने विचारलंही. व्हिडिओ कॉलवर आत्याने स्वतःचा कोरा हात पुढे केला आणि कुठे, केवढी, कशी होती ते बोटाने काढून दाखवलं.